शत्रू गैरहजर

जपानमध्ये तलवार चालवायला शिकण्याचे तीन मुख्य मार्ग आहेत आणि नवशिक्याच्या मनातला मार्ग बहुधा या तिन्हींत नसतो. पहिला मार्ग केंदो. बांबूच्या चार पट्ट्या बांधून केलेली शिनाई हातात घ्यायची, चिलखत चढवायचे आणि घसा फुटेपर्यंत ओरडत समोरच्याच्या डोक्यावर, मनगटावर, बरगडीवर किंवा गळ्यावर प्रहार करायचा. दुसरा केंजुत्सु. जुन्या घराण्यांनी लढतींचे जे ठरलेले क्रम जपले आहेत त्यांना काता म्हणतात. त्या दोघादोघांनी लाकडी तलवारींनी करायच्या. तिसरा इआइदो. यात तलवार म्यानात असते आणि माणूस एकटा असतो. तो तलवार उपसतो, समोर नसलेल्या शत्रूला ठार करतो आणि तलवार परत म्यानात ठेवतो. नवशिक्याच्या मनातला मार्ग चौथा. त्यात भर पावसात एकटा माणूस चाळीस जणांना कापून काढतो आणि त्याची शेंडीही विस्कटत नाही. हा मार्ग चित्रपटगृहात सुरू होऊन तिथेच संपतो. अर्थात चित्रपटवाल्यांनाही शिकवणारा लागतोच. अकिरा कुरोसावाच्या १९५४ च्या ‘सेव्हन सामुराई’साठी सुगिनो योशिओ या कातोरी शिंतो-ऱ्यू घराण्याच्या गुरूंना पाचारण करावे लागले होते.

पुढचे विवेचन मुख्यतः इआइदोचे आहे, कारण वयाची तिशी-चाळिशी ओलांडल्यावर तलवारीची ओढ लागलेला माणूस बहुधा इथेच येऊन टेकतो. चिलखत घ्यावे लागत नाही, मार खावा लागत नाही, आणि प्रतिस्पर्धी अस्तित्वातच नसल्यामुळे हरण्याचीही भीती नाही, अशी त्याची समजूत असते. यातली तिसरी गोष्ट खोटी आहे हे पहिल्या आठवड्यात कळते.

सामुराई म्हटले की डोळ्यांपुढे तलवार येते. रणांगणावर मात्र सामुराईची भिस्त आधी धनुष्यावर होती, मग भाल्यावर, आणि सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात बंदुकीवर. १५७५ मध्ये नागाशिनोच्या लढाईत ताकेदा घराण्याच्या सैन्याची दाणादाण उडाली ती ओदा नोबुनागाच्या बंदूकधाऱ्यांपुढे. तलवार कमरेला असे आणि बाकीचे सगळे संपल्यावर हाती येई. तिचे खरे दिवस आले ते लढाया थांबल्यावर. १६०३ ते १८६८ या तोकुगावा राजवटीत, एखाददुसरे बंड सोडले, तर देशात शांतता नांदली. सामुराईंच्या हाती दप्तर आले आणि तलवार कमरेलाच राहिली. ज्या हत्याराला काम उरत नाही त्याचे शास्त्र वाढते. या अडीच शतकांत तलवारीची शेकडो घराणी निघाली, त्यांची तत्त्वज्ञाने निघाली, गुप्त गुंडाळ्या निघाल्या, आणि कोणाचे म्हणणे अधिक जुने यावरून वादही निघाले.

त्या काळातील सर्वांत यशस्वी तलवारबाज कोणी योद्धा नव्हता, तो सरकारी अधिकारी होता. १५९४ मध्ये यागयू मुनेयोशीने या राजवटीचा पाया पुढे घालणाऱ्या तोकुगावा इएयासुसमोर निःशस्त्र उभे राहून तलवारधाऱ्याला निष्प्रभ करण्याची कला दाखवली. इएयासु खूश झाला. मुनेयोशीचा मुलगा मुनेनोरी पुढे शोगुनचा, म्हणजे राज्य चालवणाऱ्या सेनापतीचा, तलवारगुरू झाला, मग सरदारांवर नजर ठेवणारा निरीक्षक झाला आणि अखेर स्वतःच जहागीरदार झाला. तलवारीच्या जोरावर सत्ता मिळवल्याचे इतके बिनधोक उदाहरण जगाच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

१८६८ नंतर मात्र दिवस फिरले. १८७६ मध्ये कमरेला तलवार बांधण्यावर बंदी आली. त्याच्या तीनच वर्षे आधी साकाकिबारा केंकिची या नामांकित गुरूने बेकार झालेल्या तलवारबाजांना घेऊन तोक्योत तिकीट लावून लढतींचे खेळ सुरू केले होते, आणि त्यांना गर्दीही झाली. १८७७ च्या सात्सुमा बंडात तलवारी घेतलेल्या पोलिसांच्या तुकडीने पराक्रम गाजवला, तेव्हा हे शास्त्र अगदीच टाकाऊ नाही असे सरकारच्या ध्यानात आले आणि पोलिसांच्या तालमीत त्याला आसरा मिळाला. १८९५ मध्ये क्योतोत दाइ निप्पोन बुतोकुकाइ ही संस्था निघाली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन ताब्याच्या काळात पुन्हा बंदी आली, ती ओसरताच १९५२ मध्ये अखिल जपान केंदो महासंघ स्थापन झाला. या महासंघाने १९६९ मध्ये वेगवेगळ्या जुन्या घराण्यांतून निवडून इआइदोच्या सात प्रमाण काता ठरवल्या. १९८० मध्ये तीन वाढवल्या, २००० मध्ये आणखी दोन. आज नवशिक्या ज्या बारा काता पूर्वजांचे स्मरण करून अत्यंत भक्तिभावाने करतो, त्यांतल्या शेवटच्या दोन भ्रमणध्वनी आल्यानंतर यादीत दाखल झालेल्या आहेत.

१८६८ पूर्वीच्या घराण्यांना कोऱ्यू म्हणतात. खरी परंपरा पाहिजे असा ज्याचा हट्ट असतो तो त्यांच्याकडे जातो. चिबा प्रांतातले तेन्शिन शोदेन कातोरी शिंतो-ऱ्यू हे पंधराव्या शतकातले घराणे. त्यात प्रवेश करताना शपथेवर स्वतःच्या रक्ताचा ठसा उमटवण्याची प्रथा आहे. आपली विद्या बाहेरच्यांना, अगदी घरच्यांनाही, सांगणार नाही, जुगारात पडणार नाही, परवानगी मिळेपर्यंत दुसऱ्या घराण्याशी तलवार भिडवणार नाही, अशी ती शपथ. यातली दुसरी अट कोणत्याही शिकवणीच्या प्रवेश-अर्जात घालण्याजोगी आहे. कागोशिमाकडचे जिगेन-ऱ्यू याच्या उलट स्वभावाचे. तिथे गुप्त फारसे काही नाही. जमिनीत उभ्या रोवलेल्या ओंडक्यावर लाकडी सोटा घेऊन किंचाळत प्रहार करायचे, परंपरेने सांगितलेला आकडा सकाळी तीन हजार आणि संध्याकाळी आठ हजार. शेजारीपाजारी झोपलेले असतील याचा विचार त्या पद्धतीत केलेला दिसत नाही. इआइ घराण्यांचा मूळपुरुष मानला जातो तो सोळाव्या शतकातला हायाशिझाकी जिन्सुके. वडिलांच्या खुनाचा सूड घेण्यासाठी त्याने देवळात अनुष्ठान मांडले आणि झटकन तलवार उपसण्याची विद्या त्याला तिथे सुचली, अशी आख्यायिका आहे. यामागाता प्रांतातल्या मुरायामा इथे त्याच्या नावाचे देऊळ आजही आहे. त्याच्यापुढे निदान खराखुरा शत्रू तरी होता. त्यानंतरच्या पिढ्यांची तेवढी सोय राहिली नाही.

एकदम दोन घराण्यांत शिकण्याची घाई नवशिक्याने करू नये. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत ही म्हण मराठीत असली तरी ती अमलात आणण्याचे काम जपानी गुरू अधिक कसोशीने करतात. पाऊल कुठे पडले, तलवार कोणत्या कोनात थांबली, एवढ्यावरून शिष्य आणखी कुठे जातो ते त्यांना कळते. तोंडाने काही बोलत नाहीत. फक्त पुढचे दोन महिने त्या शिष्याकडे पाहत नाहीत.

नाव घालण्यापूर्वी वर्ग पाहायला जाण्याची पद्धत आहे. पाहणाऱ्याने भिंतीशी बसून दोन तास गप्प पाहायचे असते. नुसते पाहून शिकणे हाही इथे अभ्यासाचा अधिकृत प्रकार आहे आणि त्याला मितोरी-गेइको असे भारदस्त नाव आहे. गुडघा दुखावलेला किंवा सर्दी झालेला विद्यार्थीही घरी न राहता येऊन भिंतीशी बसतो. पाहुण्याला पहिल्या दिवशी जे दिसते ते असे असते: दहा-बारा गंभीर माणसे एकमेकांपासून दूर, एकाच दिशेला तोंड करून बसली आहेत. मग ती हळूहळू उठतात, हवा कापतात आणि परत बसतात. कोणी कोणाशी बोलत नाही. पाहुण्यांपैकी काही त्याच दिवशी नाव घालतात आणि काही पुन्हा दिसत नाहीत. कोण कोणत्या गटात जाईल याचा अंदाज जुन्या गुरूंनाही बांधता येत नाही.

पहिली खरेदी कपड्यांची. अंगात जाड सुती सदरा, कमरेला ओबी नावाचा साधारण चार मीटर लांबीचा पट्टा, त्यावर हाकामा. हाकामा म्हणजे घोळदार, चुण्यांचा पायजमा. पुढे पाच चुण्या, मागे दोन. पुढच्या पाच म्हणजे परोपकार, न्याय, विनय, ज्ञान आणि विश्वास हे पाच सद्गुण, असे अर्थ सांगितले जातात. नवशिक्याला त्यातला एकही जाणवत नाही, कारण तो दोन्ही पाय एकाच बाजूत घालून उभा असतो. ओबी कंबरेच्या हाडांवर, खालच्या बाजूला घट्ट बसला पाहिजे. तो ढिला असला तर तलवार लोंबते, वर चढला तर श्वास अडकतो. हाकामाच्या पट्ट्या पुढून मागे, मागून पुढे नेऊन बांधायच्या असतात आणि शेवटी जी गाठ मारायची ती जुन्या विद्यार्थ्यांना न बघता मारता येते. तालीम संपल्यावर हाकामाची घडी घालावी लागते. चुण्या एकेक करून जुळवायच्या, पट्ट्या ठरावीक आकृतीत गुंफायच्या. तलवारीच्या तालमीत सर्वांत जास्त डोके कुठे खर्च होते असे विचारले तर प्रामाणिक उत्तर या घडीपाशी येऊन थांबते.

तलवार लगेच मिळत नाही. सुरुवातीला बोक्केन, म्हणजे ओकच्या लाकडाची तलवार. जपानमधल्या बहुतेक लाकडी तलवारी मियाझाकी प्रांतातल्या मियाकोनोजो या एकाच गावात बनतात. काही महिन्यांनी इआइतो घ्यायची. ती दिसते अस्सल, पण पाते जस्त-अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे आणि बिनधारेचे असते. टोक मात्र टोकच असते, हे तळहाताला एकदा कळले की पुन्हा सांगावे लागत नाही. लांबी उंचीप्रमाणे निवडायची. मापे अजून जुनीच चालतात: एक शाकू म्हणजे ३०.३ सेंटिमीटर, त्याचा दहावा भाग सुन, सुनचा दहावा भाग बु. मध्यम उंचीच्या माणसाला दोन शाकू चार सुन पाच बु, म्हणजे सुमारे ७४ सेंटिमीटरचे पाते, हे नेहमीचे माप. नवशिक्याला नेहमी याहून लांब तलवार हवी असते. दुकानदार हसून खाली मान घालतो आणि आखूड काढून देतो.

धारेची पोलादी तलवार ही फार पुढची गोष्ट. जपानमध्ये अशा प्रत्येक तलवारीबरोबर नोंदणीचा कागद असावा लागतो आणि ती नोंद तलवारीच्या नावावर असते, मालकाच्या नव्हे. हा कागद पोलीस देत नाहीत, प्रांताचे शिक्षण मंडळ देते, कारण कायद्याच्या दृष्टीने ती तलवार कलाकृती म्हणून जपून ठेवलेली असते. माणूस मारण्याच्या कामासाठी घडलेली वस्तू शाळांच्या खात्याने सांभाळावी, यात जपानी माणसाला काहीही विनोदी वाटत नाही.

तलवार आली तरी ती म्यानाबाहेर काढण्यापूर्वी बरेच काही करायचे राहते. आधी लाकडी जमीन ओल्या फडक्याने पुसायची. फडके दोन्ही हातांखाली दाबून, कंबर वर काढून, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत धावत जायचे. मग जागेला वंदन, मग गुरूंना वंदन, मग तलवारीला वंदन. तलवार समोर ठेवताना मूठ डावीकडे, धार स्वतःकडे. दुसऱ्याच्या तलवारीला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही आणि जमिनीवर ठेवलेली तलवार ओलांडायची नाही. म्यानाला बांधलेली सागेओ नावाची दोरी कोणत्या बोटात धरायची, कुठे सोडायची, कुठे बांधायची, हे प्रत्येक घराण्यात वेगळे. नमनाला घडाभर तेल जाते ही तक्रार इथे करता येत नाही, कारण परीक्षेत गुण त्या तेलालाही असतात. डावखुऱ्यांना कसलीही सवलत नाही. तलवार सर्वांच्या डाव्या कमरेला आणि उपसायची उजव्या हाताने. जन्मभर डाव्या हाताने जेवलेला माणूसही इथे उजवा होतो, आणि उजव्या हाताच्या लोकांना मग असा शोध लागतो की मुळात सगळा जोर डाव्या हाताचाच असतो.

मग बसणे. सेइझा म्हणजे गुडघे टेकून, टाचांवर बसण्याची रीत. मराठी वाचकाला ती वज्रासन म्हणून माहीत असते. वज्रासन जेवणानंतर घालतात आणि ते आपल्या मर्जीने मोडता येते. सेइझा मोडण्याची मर्जी गुरूंची असते. बसण्याआधी उजव्या हाताने हाकामाचे घोळ दोन्ही बाजूंना झटकायचे असतात. नवशिक्या ते विसरतो आणि स्वतःच्याच कपड्यावर गुडघे रोवून बसतो, त्यामुळे उठण्याच्या क्षणी तो शत्रूकडे जाण्याऐवजी जमिनीकडे जातो. पाचेक मिनिटांनी पावले बधिर होतात, दहा मिनिटांनी ती आपली आहेत की शेजाऱ्याची असा संशय येतो. ही बैठक अंगवळणी पडते न पडते तोच जुन्या घराण्यांची तातेहिझा पुढे येते, ज्यात एक गुडघा उभा आणि एक पाय अंगाखाली दुमडलेला असतो. हाकामाच्या आत गुडघ्यांवर गाद्या बांधण्याची पद्धत सार्वत्रिक आहे. त्या बाहेरून दिसत नाहीत आणि त्यांच्याविषयी कोणी बोलत नाही.

पहिली प्रमाण काता ‘माए’, म्हणजे ‘समोर’. तिचे कथानक सोपे आहे. समोर माणूस बसला आहे. त्याचा आपल्याला मारण्याचा इरादा आपल्या ध्यानात येतो. त्याच्याआधी आपण तलवार उपसून त्याच्या कानशिलावर आडवा वार करतो, लगेच तलवार डोक्यावर नेऊन उभा वार घालतो, पात्यावरचे रक्त झटकतो आणि तलवार म्यान करतो. हे सगळे लिहायला तीन वाक्ये लागली, करायला अर्धे मिनिट लागते आणि शिकायला किती लागते हे सांगण्याच्या फंदात कोणी पडत नाही.

अडचण पहिल्याच वाक्यात आहे. समोर माणूस बसलेला नाही. नवशिक्याला आपण भुई धोपटतो आहोत असे वाटते आणि त्याच्या वारांवरून पाहणाऱ्यालाही तसेच वाटते. गुरू विचारतात, “शत्रू केवढा आहे?” उत्तर येत नाही. गुरू सांगतात, “तुमच्याच उंचीचा.” तेव्हापासून नवशिक्या त्याला पाहू लागतो. पाहण्याची तऱ्हाही ठरलेली आहे: दूरच्या डोंगराकडे पाहावे तशी नजर शत्रूवर ठेवायची. शत्रू मेल्यावर ती त्याच्याबरोबर खाली जमिनीवर जाते. काल्पनिक प्रेताकडे पुरेशा सावधपणे न पाहिल्याबद्दल गुण कापले जातात. वार कानशिलाच्या रेषेत न जाता वरून गेला तर गुरू म्हणतात, तुम्ही त्याच्या केसांवरून हात फिरवलात. फार खाली गेला तर म्हणतात, तो अजून बसलेला आहे आणि आता चिडला आहे. अशा रीतीने जो माणूस कधी आलाच नव्हता त्याच्याकडून नवशिक्या दर आठवड्याला हरतो.

तलवार उपसणेही दिसते तसे नाही. डाव्या अंगठ्याने तलवारीच्या मुठीपुढची चकती थोडी पुढे ढकलून पाते म्यानातून मोकळे करायचे, मूठ हळू पुढे न्यायची, म्यान शेवटच्या क्षणी आडवे करायचे, आणि टोक बाहेर पडताना डाव्या हाताने म्यान मागे ओढायचे. जोर या ओढण्यातून येतो. नवशिक्या उजव्या हाताने तलवार खेचतो, मध्येच ती अडकते, आणि तो ती पाठीमागून कोणीतरी धरली असावी अशा नजरेने मागे पाहतो.

रक्त झटकण्याची क्रिया, चिबुरी, हा काताचा सर्वांत देखणा आणि बहुधा सर्वांत कमी उपयोगाचा भाग. असल्या हिसक्याने रक्त जात नाही, ते पुसावे लागते, हे पोलादाची निगा राखणारे सगळेच जाणतात. तरीही चिबुरी टिकली, कारण ती न करता तलवार म्यानात घातली तर काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते. तिच्यातला कोन चुकला तरी गुण जातात.

आणि मग नोतो. तलवार म्यानात परत घालणे. हे न बघता करायचे असते, कारण डोळे त्या डोंगरावर आहेत. डाव्या हाताने म्यानाचे तोंड मुठीत धरायचे, अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यावर पात्याची पाठ टेकवायची, ती टोकापर्यंत सरकवत न्यायची आणि टोक भोकात पडले की म्यान पुढे आणून तलवार हळूच आत घ्यायची. भोक सुमारे दोन बोटे, टोक हातभर लांब, आणि मध्ये स्वतःचा हात. इआइदोच्या तालमीत होणाऱ्या जखमा शत्रूमुळे होत नाहीत, त्या इथे होतात, आणि सगळ्या डाव्या हाताला. चित्रपटातला नायक तलवार चर्रकन म्यानात घालून पाठ फिरवतो. नवशिक्याने तसे करून पाहण्याचा मोह पहिली काही वर्षे टाळावा आणि पुढेही टाळलेला बरा.

या सगळ्या काळात गुरू फारसे बोलत नाहीत. त्यांच्या शब्दसंग्रहात मुख्यतः दोन शब्द असतात: मो इचिदो, पुन्हा एकदा. वार चुकला तरी पुन्हा एकदा, बरोबर आला तरी पुन्हा एकदा, त्यामुळे आपण सुधारलो की नाही हे विद्यार्थ्याला कळत नाही. कौतुकाची वाट पाहणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे की गुरूंनी चुका दाखवायच्या थांबवल्या, तर ते समाधानाचे लक्षण असेलच असे नाही.

केंजुत्सुत प्रसंग वेगळा असतो, कारण तिथे समोर खरोखर माणूस असतो. जोडीच्या कातांत हल्ला करणाऱ्याला उचिदाची आणि त्याला उत्तर देऊन जिंकणाऱ्याला शिदाची म्हणतात. नवशिक्याला वाटते, उचिदाचीचे काम धाकट्याकडे असेल. प्रत्यक्षात ते थोरल्याकडे असते. गुरू हल्ला करतात, शिष्य जिंकतो, गुरू मरतात, पुन्हा उभे राहतात. अंतर किती, वेग किती, केव्हा हल्ला करायचा, हे जो ठरवतो त्यानेच हरायचे, म्हणजे शिकणाऱ्याला योग्य तेवढे कठीण काम मिळते. चाळीस वर्षे शिकवलेला गुरू हजारो वेळा मेलेला असतो आणि प्रत्येक वेळी शिष्याच्या तलवारीचा कोन चुकलेला होता हे सांगायला जिवंत झालेला असतो. शिष्य मात्र घरी जाताना आपण आज जिंकलो असे समजतो.

केंदोविषयी थोडक्यात. तिथे आरडाओरडा हा गोंगाट नसून कौशल्याचा भाग आहे. आवाज, तलवार आणि अंग एकाच क्षणी पोहोचले तरच प्रहार गुणासाठी धरला जातो. हातमोज्यांचा वास हा त्या कलेचा न लिहिलेला परिचय आहे. सर्वांत लक्षात ठेवण्याजोगा नियम असा की गुण मिळाल्यावर जल्लोष केला तर पंच तो गुण काढून घेऊ शकतात. क्रिकेट पाहून मोठ्या झालेल्या माणसाला हा नियम दोनदा वाचावा लागतो.

इआइदोचेही सामने होतात. दोन स्पर्धक शेजारी शेजारी उभे राहून, एकमेकांकडे न पाहता, आपापल्या अदृश्य शत्रूला पाच कातांत मारतात. तीन पंच लाल किंवा पांढरे निशाण वर करून कोणाचा शत्रू अधिक चांगला मेला ते जाहीर करतात. निकालावर कोणी वाद घालत नाही, कारण साक्षीदार कोणीच नसतो.

धारदार तलवारीने खरे काही कापून पाहण्याला तामेशिगिरी म्हणतात. ओल्या केलेल्या तातामीच्या चटयांची गुंडाळी उभी करून तिरपा वार घालायचा. हवेत पाच वर्षे अचूक वाटलेला कोन चटईत अर्ध्यावर अडकतो. कधी पातेही वाकते. तलवारीची निगा मात्र पहिल्या दिवसापासून: जुने तेल कागदाने पुसायचे, दगडाच्या बारीक पुडीने भरलेला उचिको नावाचा गोळा पात्यावर हलकेच आपटायचा, पुन्हा पुसायचे, नवे तेल लावायचे. हे तेल परंपरेने लवंगेच्या वासाचे असते. शोगुनच्या काळचा योद्धा जवळ आला की दातांच्या दवाखान्याची आठवण व्हावी, हा योगायोग भारतीय विद्यार्थ्याच्या वाट्याला हमखास येतो.

परीक्षा पहिल्या दानपासून, म्हणजे श्रेणीपासून, आठव्या दानपर्यंत. नववा आणि दहावा दान २००० मध्ये बंद झाले. परीक्षेत ठरलेल्या पाच काता सहा मिनिटांत करायच्या असतात. पहिल्यानंतर दुसऱ्यासाठी १ वर्ष थांबायचे, तिसऱ्यासाठी आणखी २, चौथ्यासाठी ३, पाचव्यासाठी ४, सहाव्यासाठी ५, सातव्यासाठी ६. सातव्यानंतर आठव्याला बसायला १० वर्षांचा अनुभव लागतो आणि वय ४६ पूर्ण असावे लागते. केंदोत आठव्या दानच्या परीक्षेचा निकाल साधारण एक टक्क्याच्या आसपास लागतो. बसणाऱ्यांत साठी-सत्तरीचे पुष्कळ असतात, आणि जे नापास होतात ते पुढच्या परीक्षेचा अर्ज भरतात.